पॅड नवे, मीटर लाल: फोंड्यातल्या एका गाडीच्या नोंदी

2 जून 2024, रविवार. मीटर 87,412

नोंदी ठेवायला घेतोय कारण दोन महिन्यांत हाच किस्सा मी तिघांना सांगितला आणि दरवेळी त्यातलं काहीतरी विसरलो. गाडी 2013 ची जर्मन डिझेल सेडान, सेकंडहँड, फेब्रुवारीत मडगावहून घेतली. 20 एप्रिलला एका गॅरेजात पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले, ब्रेक ऑइलही बदललं, बिल आहे. तरी मे महिन्यापासून डॅशवर पुढच्या ब्रेकचं लाल चिन्ह येतंय. कधी येतं, कधी जातं. फर्मागुडीच्या सर्कलला वळलं की हमखास येतं आणि पुढे म्हार्दोळपर्यंत गेलं की कधीतरी गुपचूप गायब.

आज सर्व्हिस मेनूतल्या सगळ्या ओळी वहीत उतरवल्या. पुढचे पॅड: लाल, लगेच बदला. मागचे पॅड: हिरवे, अजून 41,000 किमी. ब्रेक ऑइल: हिरवं, पुढची तारीख 03/2014.

ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली. दहा वर्षांपूर्वीची तारीख आणि रंग हिरवा?

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला सेन्सर गेला असेल, घेऊन या, बदलू. मागच्या पॅडना हात लावला होता का विचारलं तर नाही म्हणाला. मग 41,000 कुठून आले, यावर "ते गाडीच सांगते". बरं.

9 जून, रविवार. मीटर 87,590

एक कोडं सुटलं, तेही पाना हातात न घेता. काल रात्री पावसात बसून मॅन्युअल वाचत होतो, त्यात लिहिलंय की तारखेवर चालणाऱ्या सर्व्हिस, म्हणजे ब्रेक ऑइल वगैरे, बरोबर दिसायला गाडीतली तारीख बरोबर हवी. माझ्या डॅशवर फक्त वेळ दिसते, तारीख सेटिंगच्या आत तिसऱ्या पानावर लपलीय. सकाळी उघडून बघितलं तर 13 मे 2012. गाडीच्या मते ती स्वतः अजून जन्मालाच आलेली नाही.

मग बोटांवर मागे मोजत गेलो. 1 जानेवारी 2012 पासून 13 मे म्हणजे 133 दिवस. आजपासून 133 दिवस मागे गेलं की 28 जानेवारी 2024. बॅटरीचं वॉरंटी कार्ड काढलं, त्यावर तारीख 28 जानेवारी 2024! म्हणजे आधीच्या मालकाने नवी बॅटरी टाकली तेव्हा घड्याळ पुसलं गेलं, त्याने वेळ तेवढी लावली आणि तारीख राहिली. वेळ चुकली तर दिसते, तारीख चुकली तर दिसतच नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. एप्रिलमध्ये गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइल रिसेट केलं तेव्हा गाडीत मार्च 2012 चालू होता, दोन वर्षं धरून तिने 03/2014 लिहून टाकलं. गाडीचं काही चुकलेलं नाही, तिला जे सांगितलं त्यावरून तिने हिशोब बरोबर केलाय.

मोठ्या उत्साहाने तारीख बरोबर केली आणि चावी फिरवली तर सगळा ख्रिसमस. ब्रेक ऑइल लाल, दहा वर्षं उशीर. वाहन तपासणी लाल. खाली आणखी एक ओळ, सरकारी तपासणीची, तीही लाल. जर्मनीत गाड्यांची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते त्यासाठी ती ओळ असते, आपल्याकडे तिचा उपयोग नाही. मग म्हटलं रिकामी तरी कशाला ठेवायची, तिथे पीयूसीची संपायची तारीख टाकून दिली. पीयूसी मी दरवर्षी विसरतो.

ब्रेक ऑइल बिलाप्रमाणे एप्रिलमध्येच बदललंय म्हणून रिसेट केलं, आता 06/2026 दाखवतंय. दोन महिने जास्तीचे मिळाले ते वहीत लिहून ठेवले, एप्रिल 2026 लाच बदलणार. आपल्या हवेत यात ढिलाई नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट 4 चं ऑइल कोरडं असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलेलं असलं की ती हद्द 155 वर येते. चोर्ल्याचा घाट उतरताना ब्रेक तापले, आत वाफ झाली आणि पेडल स्पंजासारखं खाली गेलं तर काय करणार.

पुढचे पॅड मात्र अजून लालच. रिसेट करायला गेलो तर गाडी म्हणते रिसेट शक्य नाही.

16 जून, रविवार. मीटर 87,733

पाऊस सकाळी अकराला थांबला, तेवढ्यात पुढचं डावं चाक काढलं. माझ्या गाडीत पुढचा सेन्सर डाव्या चाकाला आणि मागचा उजव्या चाकाला, बाकी दोन चाकांना सेन्सरच नाही. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

सेन्सर म्हणजे काय ते एकदा लिहून टाकतो, कारण मलाही आधी वाटायचं की आत काहीतरी जाडी मोजणारं यंत्र असेल. तसलं काही नाही. प्लास्टिकची एक छोटी खुंटी पॅडच्या खाचेत बसते आणि तिच्यात तारेचा एक वेढा असतो. पॅड झिजत गेला की खुंटी डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला टेकते, डिस्क ती घासते, एक दिवस तार तुटते. तार तुटली की गाडीला कळलं. माझ्या गाडीत असे दोन टप्पे आहेत, पहिली तार पॅड साधारण 6 मिलिमीटरवर आला की तुटते आणि मग करंट आतल्या एका रेझिस्टन्समधून जायला लागतो, दुसरी साधारण 3 वर तुटते आणि सर्किट पूर्ण उघडं. म्हणजे पॅडच्या सगळ्या आयुष्यात गाडीला खरी माहिती दोनदाच मिळते. मधले सगळे किलोमीटरचे आकडे म्हणजे किती चाललो, ब्रेक कसा दाबला, यावरून बांधलेला अंदाज. आणि सर्किट उघडं दिसलं की ते झिजून उघडं झालंय की उंदराने कुरतडलंय हे तिला कळायचा काही मार्ग नाही, ती लालच दाखवणार.

पॅड व्हर्नियरने मोजले, मागची लोखंडी पाठ सोडून 10.5 मिलिमीटर. चकाचक. सेन्सरची खुंटीही नवी, घासलेली नाही. मग मल्टिमीटर लावला, चाक सरळ असताना 0.7 ओहम, म्हणजे तार शाबूत. पोरीला आत बसवून स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवायला सांगितलं आणि मीटरवर आकडा नाचायला लागला, 0.7, 40, काहीच नाही, परत 0.7. "बाबा, झालं?" "थांब गो, परत फिरव." चारदा फिरवून घेतलं, चारही वेळा तेच.

केबल हाताने चाचपत गेलो. शॉकअबसॉर्बरवर एक रबरी क्लिप आहे ज्यात ही केबल दाबून बसवायची असते, ती क्लिप रिकामी आणि केबल मोकळी लोंबतेय. चाक वळलं की टायर तिला घासतो. एका जागी वरचं काळं आवरण दोन बोटं लांबीचं सोलून गेलंय, आतलं तांबं हिरवं पडलंय आणि चार-पाच तंतू कसेबसे धरून आहेत. फर्मागुडीचं सर्कल आता समजलं.

एप्रिलमध्ये ज्याने बसवलं त्याने एक क्लिप दाबायची राहिली. अर्ध्या सेकंदाचं काम.

23 जून, रविवार. मीटर 87,880

उद्या सांजाव (सेंट जॉनचा सण) म्हणून वाड्यावर पोरांची घुमटं सुरू, मी गाडीखाली. ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला सेन्सर शुक्रवारी आला होता. कनेक्टरची खाच उलट्या बाजूला. बसत नाही म्हणजे नाही, कानशीने घासून बसवावा असा विचार मनात आला होता, तो आवरला. परत पाठवला. चूक माझीच, पार्ट नंबर न जुळवता फोटो बघून मागवला. आता नंबर जुळवून दुसरा मागवलाय, दुप्पट किंमत.

हिने विचारलं, "अरे पण ब्रेक लागतायत ना?" लागतायत. "मग?" या "मग"ला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. लाल दिवा रोज दिसायला लागला की माणूस तो बघायचा सोडतो आणि ज्या दिवशी खरा लागेल त्या दिवशीही बघणार नाही, एवढंच सुचलं.

30 जून, रविवार. मीटर 88,015

नवा सेन्सर बसवला, केबल क्लिपमध्ये दाबली, वर एक झिप टायही मारला. रिसेट: इंजिन बंद, इग्निशन चालू, ट्रिपचं बटण यादी येईपर्यंत दाबून धरायचं, ओळ निवडायची, परत दाबून धरायचं. गाडी म्हणते रिसेट शक्य नाही.

दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

मग गाडीच्या बाजूचा कनेक्टर उघडला, चाकाच्या कमानीत प्लास्टिकच्या डबीत असतो तो. डबीत पाणी. पिनांवर हिरवा कळंक, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसला. नवा सेन्सर कितीही चांगला असला तरी पुढे रस्ताच बंद. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं, परत मारलं, मग कनेक्टरच्या पोकळ पिना सुईने किंचित आवळल्या, डबीच्या तळाचं भोक चिखलाने बुजलं होतं ते मोकळं केलं. पाणी आत शिरू नये म्हणून डायलेक्ट्रिक ग्रीस थोडं लावून बंद केलं.

रिसेट झालं! पुढचे पॅड हिरवे, 38,000 किमी. म्हणजे नुसती केबल बदलली असती आणि कनेक्टर उघडला नसता तर मी सेन्सरला शिव्या घालत तिसरा मागवला असता.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगलही (गाडीतले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं यंत्र) घेतला होता, साध्या ॲपमधून त्याने इंजिनचे कोड दाखवले पण ब्रेकच्या सर्व्हिसबद्दल अक्षर नाही. तो भाग कंपनीनिहाय वेगळा असतो, त्याला त्या कंपनीचंच ॲप लागतं. मल्टिमीटर चारशेचा, काम त्यानेच केलं.

7 जुलै, रविवार

पाऊस एवढा की बाहेर पडलोच नाही. बाबांना सगळं सांगितलं. त्यांच्या जुन्या हॅचबॅकला सेन्सर-बिन्सर काही नव्हता, पॅडला एक लोखंडी पट्टी असायची, पॅड झिजला की ती डिस्कला घासून शिट्टी मारायची, सगळ्या वाड्याला कळायचं की यांचे पॅड संपले. आणि दुसरी खूण ब्रेक ऑइलची. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे ऑइल जातं, डबीतली पातळी उतरते, मग बोरीच्या उतारावर ऑइल पुढे सरकलं की हँडब्रेकचा दिवा क्षणभर पेटायचा. बाबा म्हणाले, "तुझ्या गाडीला साधी शिट्टी मारता येत नाही काय रे?"

14 जुलै, रविवार. मीटर 88,340

आज मागची बाजू. 41,000 किमी हिरवे. पुढच्याने एवढं रडवलं म्हणून मागचं जाऊ दे असंच मनात होतं, हिरवं आहे ना. पण जॅक बाहेर होताच.

उजवं मागचं चाक, सेन्सरवालं: बाहेरचा पॅड 6.8, आतला 6.5. नवा असताना 11 च्या आसपास असतो. म्हणजे निम्म्याच्या जवळ आलेला पॅड, आणि मीटर म्हणतोय जवळपास कोरा. आता उघड आहे, एप्रिलमध्ये बटण दाबताना पुढचे आणि मागचे दोन्ही रिसेट झाले. मागचे पॅड बदलले नव्हते, फक्त गाडीला सांगितलं की बदलले. तिने विश्वास ठेवला. अजून अर्धा मिलिमीटर झिजला असता तर पहिली तार तुटून तिला आपोआप कळलं असतं आणि 41,000 चे एका दिवसात कितीतरी खाली आले असते.

डावं मागचं चाक, बिनसेन्सरचं. बाहेरचा पॅड 6.9. आतला दिसत नव्हता म्हणून कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे बोल्ट सोडायला घेतले. वरचा सुटला, खालची स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती, जागची हलेना. इथे मी हात आखडला आणि कुर्टीच्या मेस्तना (मेकॅनिकना) फोन केला, ते स्कूटरवरून हत्यारांची पिशवी घेऊन आले.

त्यांनी पाईप रेंच लावून पिन मागे-पुढे फिरवत फिरवत बाहेर काढली. पिनवर तपकिरी गंजाचा थर, रबरी बूट फाटलेला. मग आतला पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी व्हर्नियर लावला: 2.4.

"हें कोणें केलां?" मेस्त म्हणाले. म्हटलं कुणीच नाही केलं, म्हणून झालं.

पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटाच डिस्कवर दाबला जातो आणि सुटतानाही पुरता सुटत नाही. बाहेरचा मजेत. बाहेरून रिमच्या फटीतून बघणाऱ्याला बाहेरचाच दिसतो. आणि सेन्सर त्या चाकाला नाहीच, तो पलीकडे. म्हणजे पुढे जो दिवा दोन महिने लाल होता तिथे 10.5 मिलिमीटर माल होता आणि इथे जिथे सगळं हिरवं, तिथे 2.4. याच्यावर मी आणखी हजारो किलोमीटर घाटात गेलो असतो, कारण गाडी म्हणतेय 41,000.

मेस्तनी हात पुसत सांगितलं, "पात्रांव, बायलेक (बायकोला) सांगूं नाका." सांगितलंच. चहा आणि मिरची भजी तिनेच आणून दिली होती, पॅड तिच्यासमोरच होता.

गाडी जॅकवरून उतरवून तशीच ठेवली. आठवडाभर ऑफिसला कदंब बसने.

20 जुलै, शनिवार. मीटर 88,340

मेस्त आणि मी, दुपारी तीन ते सहा. मागच्या दोन्ही बाजूंचे पॅड नवे, दोन्ही कॅलिपरच्या पिना आणि बूट नवे. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नाही, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. मागचा सेन्सर तुटला नव्हता तरी नवाच घातला, जुन्याची खुंटी नव्या पॅडमध्ये बसवायची कंजुषी नको. डाव्या डिस्कवर आतल्या बाजूला चरे होते, जाडी मोजली, डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर होती म्हणून ठेवली.

पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइलची डबी वर येते, झाकण सैल करून बाजूला फडकं धरलं होतं म्हणून पेंट वाचला. चाकांचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. इंजिन चालू करायच्या आधी पेडल आठ-दहा वेळा दाबलं, पहिल्या तीन वेळा ते थेट तळाला जातं, ते माहीत असलं तरी काळजात धस्स होतंच.

रिसेट मी स्वतः केलं, फक्त मागची ओळ. वहीत लिहिलं: 88,340 ला मागचे पॅड 11.2, चारही.

18 ऑगस्ट, रविवार. मीटर 89,460

काल बेळगावला जाऊन आलो, साखळी, केरी, चोर्ला. घाटात धुकं एवढं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. उतरताना मुद्दाम दुसऱ्या गिअरला, तरी ब्रेक लागलेच.

आकडे बघण्यासारखे आहेत. पुढचे पॅड रिसेट केले तेव्हा 38,000, त्यानंतर गाडी चालली 1,445 किमी आणि आता दाखवतंय 35,800, म्हणजे 2,200 कमी झाले. बिघाड वाटला होता पण नाही, घाटाचा एक दिवस सोडला तर आकडा किलोमीटरला किलोमीटर असाच उतरत होता. ती ब्रेकचं वजन धरतेय. घरी आल्यावर चारही चाकांना हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघितली, डावं मागचं आणि उजवं मागचं सारखंच कोमट. हीच मला बघायची होती.

8 सप्टेंबर, रविवार. मीटर 89,910

काल चवथ. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांचं) सामान, पाहुणे, दोन दिवसांत सहा फेऱ्या, सगळ्या पावसात. पुढच्या कनेक्टरची डबी आज उघडली, आत कोरडं. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी गंजाची पातळ साय येते आणि पहिल्या ब्रेकला खर्र करते, पाहुण्यांतल्या एकाने ते ऐकून "पॅड गेले तुमचे" असा निकाल दिला. हसलो फक्त.

1 नोव्हेंबर, शुक्रवार. मीटर 91,205

परवा रात्री वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांचे लाल दिवे 12 व्होल्टवर लावले होते आणि ऐनवेळी त्यांची बॅटरी बसली. दादा, तुमची द्या ना, पहाटे जाळून झाला की आणून लावतो. दिली. काल सकाळी काजळी लागलेल्या हातांनी इमानदारीत आणून लावली, टर्मिनलही नीट आवळले होते, घड्याळाची वेळसुद्धा लावली होती म्हणाले.

आज गाडीत बसलो, ब्रेक ऑइल हिरवं, पॅड हिरवे, सगळं हिरवं. सेटिंग, तिसरं पान. 2 जानेवारी 2012.

बदलली.